आधी बॅटरी, मग हात

पेणमध्ये ज्यांच्या घरामागे अजून परसदार शिल्लक आहे, त्यांच्याकडे पाहुण्यांची वाण नसते. महालमिऱ्याच्या डोंगराकडून वानरांची टोळी उतरते, खारेपाटाच्या बाजूने मुंगूस येतं, माळ्यावर उदमांजराचा मुक्काम असतो, न्हाणीच्या मोरीत बेडूक आणि पावसाळ्यात कुठूनही, कधीही, ‘जनावर’. शिवाय आपण हौसेने पाळलेली कुत्री-मांजरं. मुंबईहून येणारे नातेवाईक पहिल्या रात्री खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात आणि विचारतात, ‘‘भीती नाही वाटत?’’

वाटते ना. पण इतकी वर्षं या घरात संसार केल्यावर भीती कशाची धरायची ते बदललंय. साप, विंचू, वानर यांचं वागणं ठरलेलं असतं. वाट मोकळी दिली की ते आपल्या रस्त्याने जातात. बेभरवशाचे आपण. न बघता हात घालतो, आणि काही झालं की पहिल्या अर्ध्या तासात जो तो आपापलं शहाणपण चालवतो. आमच्या आणि आसपासच्या घरांत जे काही वाईट घडलं, ते बहुतेक या दोन गोष्टींपायी. नव्याने परसदाराचं घर घेऊन इकडे राहायला येणारे बरेच जण आता भेटतात, त्यांना मी हेच सांगते.

खंड्या हा आमचा गावठी कुत्रा. भातकापणीचे दिवस होते. मागच्या पडवीला लागून बंबासाठी सरपणाची रास असते. दिवेलागणीला खंड्या त्या राशीसमोर भुंकत उभा होता. कुत्र्याचं भुंकणं घरच्या माणसाला कळतं. मांजर दिसलं की तो धावतो, वानर दिसलं की मान वर करून ओरडतो. हे भुंकणं मात्र एका जागी खिळलेलं, दोन पावलं पुढे आणि दोन मागे. राशीतून कुकरची शिट्टी दाबून धरावी तसा फुत्कार येत होता. घोणस. आम्ही ओट्यावरून हाका मारतोय तोवर तो केकाटला आणि नाक पंजाने घासत मागे पळाला.

नाकपुडीच्या वर दोन बारीक ठिपके. त्यातून रक्त फार येत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. पुसलं की पुन्हा थेंब उभा. बघता बघता थोबाड सुजलं, डावा डोळा मिटला. गळ्यातला पट्टा रुतेल म्हणून तो आधी सोडला. एवढ्यात अंगणात माणसं जमली. शेजारचे काका हळद-तूप घेऊन आले, कुणी म्हणालं मीठ चाटवा, कुणी कांद्याचा रस, आणि दोन पोरं काठ्या घेऊन रास उपसायला निघाली. आमच्या ह्यांनी कुणाशी वाद घातला नाही. पोरांना तेवढं ओट्यावर घेतलं, खंड्याला गोणपाटावर घालून, एक पाऊलही चालू न देता, रिक्षात ठेवलं आणि रिक्षा निघाल्यावर जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी खंड्याचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि ती नळी न हलवता टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटांनी तिरकी केली, तर रक्त जसंच्या तसं घरंगळलं. गुठळी नावाला नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठायची शक्तीच काढून घेतं, ते असं डोळ्यांनी दिसतं. माणसांच्या दवाखान्यातही सर्पदंशाच्या रोग्याला पहिली चाचणी हीच करतात. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. काचेची नळी आणि घड्याळ पुरतं. मग सलाइनमधून सर्पदंशाचं औषध सुरू झालं, माणसाला देतात तेच. खंड्या वाचला. नाकावरचं कातडं झडलं, तिथे केस परत आले नाहीत.

रास उपसली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात. आमच्याकडे लाकडं फोडायला वाडीवरचे एक कातकरी दादा येतात. त्यांचं काम बघत बसावं असं आहे. आधी लांब काठीने रास सगळीकडून ठोकली, मग थोडा वेळ तंबाखू मळत बसले. ‘‘जायचं असंल त्याला जाऊ द्या की.’’ नंतर एकेक ओंडका उचलायला घेतला, तो पलीकडची कड धरून स्वतःकडे कलता करत. मी विचारलं, असं का? म्हणाले, फट पलीकडे उघडते, जनावर तिकडून निघतं, आणि मधे लाकूड असतं. आपण नेमकं उलटं करतो. जवळची कड धरून पुढे ढकलतो, म्हणजे आतल्याला बाहेर यायची वाट बरोबर आपल्या पायांवर. त्या दिवसापासून आमच्या घरात पेंढा, पत्रे, विटा, कुंड्या, सगळं असंच उचललं जातं, आणि रास भिंतीला टेकवून रचत नाही. खाली दोन विटांवर फळी टाकून, भिंतीपासून हातभर सोडून. दिवेलागणीनंतर सरपण आणायचंच नाही. संध्याकाळचं लागेल तेवढं चारलाच पडवीत येतं. बॅटरी मागच्या दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. ती हातात घेतल्याशिवाय घरातलं कुणी पायरी उतरत नाही. मोबाइलचा उजेड चालत नाही, तो आपल्याच तोंडावर जास्त पडतो.

आता माणसाला चावलं तर. इथे मी जरा जोर देऊन लिहिते, कारण आमच्याकडे अजून दोरी आवळून बांधायची, ब्लेडने चिरायची आणि तोंडाने ओढायची हौस आहे. यातलं काहीही करू नका. आवळून बांधलेल्या जागेखाली रक्त पोहोचत नाही आणि घोणशीच्या दंशात हात-पाय गमवायची वेळ येते. चिरलं तर न गोठणारं रक्त थांबत नाही. करायचं ते एवढंच: माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा, चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर धरतात तसा फळी-पट्टी लावून स्थिर ठेवा, चालू देऊ नका, आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे बांगड्या. हिरव्या काचेच्या घट्ट बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, सूज चढायच्या आत काढा. नंतर कापायला पक्कड लागते आणि त्यात जो वेळ जातो तो मी पाहिला आहे. अशा वेळी अपशकुनाचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला सरळ बाजूला करा.

साप मारून, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायची गरज नाही. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे, आणि या चारही विषांवर मिळून एकच औषध आहे. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते करतात. हे औषध करणाऱ्यांत मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्या लोकांना ठाऊक असतं. त्यासाठीचं विष मात्र मोठ्या प्रमाणावर येतं तमिळनाडूतून, इरुळा आदिवासींनी 1978 साली काढलेल्या सहकारी संस्थेकडून. पिढ्यान् पिढ्या साप पकडणारी माणसं आता विष काढून साप परत सोडतात. चावलेल्याच्या घरच्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी: लहान मुलालाही या औषधाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने विष वय बघून टोचलेलं नसतं. ‘‘एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या कशाला?’’ असं म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. लांबून, सुरक्षित अंतरावरून सापाचा फोटो मिळाला तर चांगलं. नाही मिळाला तरी उपचार लक्षणांवरून होतात.

लक्षणांवरून आठवलं. घोणस चावली की आग होते, सूज येते, माणूस घाबरून धावतो. मण्यारीचं तसं नाही, आणि म्हणून मला तिचा धसका जास्त. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की बहुतेकदा खूणही सापडत नाही. रोह्याला माझ्या नणंदेच्या शेजारचा शाळकरी मुलगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. ओवा दिला, सोडा दिला, गॅस असेल म्हणाले. थोड्या वेळाने आई म्हणाली, याच्या पापण्या अशा पडतात कशा? मुलगा जागा होता, बोलत होता, पण डोळे उघडता येईनात, नंतर थुंकी गिळता येईना. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने अंथरूण झटकायला लावलं आणि गोधडीतून मण्यार निघाली. मुलाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं, पण तो घरी आला. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तेवढे दिवस यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याचं पहाटे अकारण पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर ओव्याच्या डब्याकडे जाऊ नका, दवाखान्याकडे जा. आणि जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी लावून, तिच्या कडा गादीखाली नीट खोचून झोपा. एवढ्या स्वस्तात दुसरं संरक्षण नाही.

मण्यारीच्या नावाखाली मरतो तो बिचारा कवड्या. हा बिनविषारी, भिंतीवर चढून पाली खाणारा, घरात सर्रास सापडणारा. दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे. ढोबळ खूण अशी की मण्यारीचे पट्टे मानेशी नसतात किंवा फिके असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. पण ही खूण पुस्तकात बघायची. रात्री दोन वाजता, चष्मा शोधत, ओणवं होऊन पट्टे मोजायला जाऊ नये. खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत फडकं कोंबा आणि माहितगार माणसाला बोलवा. वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे. सर्पमित्र येईल त्याने साप बरणीत किंवा पिशवीत भरून सरळ न्यावा. गळ्यात घालून, शेपूट धरून नाचवून व्हिडिओ काढणारा आला तर त्याला ओट्यावर उभा करू नका. असल्या खेळांत सर्पमित्रच मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कार्बोलिक ॲसिड, फिनेल, लसूण, डांबरगोळ्या यांनी साप येत नाही हा समजही सोडा. साप थांबत नाही, मात्र फिनेल चाटून मांजर आजारी पडतं.

विंचवाबद्दल थोडक्यात, कारण त्यात रायगडकरांनी अभिमान बाळगावा असं काही आहे. लाल विंचू चावला की पूर्वी कोकणात माणसं, विशेषतः मुलं, पटापट जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चाळीसच्या घरातून एकावर आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 साली पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचं एवढंच की विंचू चावल्यावर नुसती ठणक असेल तर त्यातल्या त्यात बरं. पण घामाने अंग भिजलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर एक क्षणही घरी थांबू नये. मंत्र उतरवणाऱ्याकडे तर नाहीच. गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्याकडच्या बायाबापड्यांना हे जास्त सांगावं लागतं; गोणी, फळ्या, पेंढा यांत दिवसभर हात असतो.

आता उंदीर. परसात साप का येतो, याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा उंदीर हेच. म्हणून लोक उंदराचं औषध घालतात, आणि त्यातून जे होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या आळीत एकाने तांदळाच्या कोठीत काळ्या पुडीच्या गोळ्या ठेवल्या. झिंक फॉस्फाइड म्हणतात तिला, लसणासारखा वास येतो. उंदीर मेले खरे. पण मरायच्या आधी ते बाहेर आले, झोकांड्या खात अंगणात फिरले. शेजारणीच्या मांजरीला असा आयता उंदीर कुठे मिळायचा! संध्याकाळपर्यंत ती गेली. या विषावर उतारा नाही. पोटातल्या आम्लात मिसळून त्याचा विषारी वायू होतो. जनावराने ओकलेलं साफ करतानाही तोंड जवळ नेऊ नये, दारं-खिडक्या उघडून करावं. दुसऱ्या प्रकारच्या, रंगीत वड्या मिळतात, त्यांनी उंदीर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. कुत्र्याने अशी वडी खाल्ली तर त्याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, मात्र दोन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो आणि घरचे निर्धास्त राहतात. वडीचं वेष्टण फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ते लागतं.

मांजरीपाठोपाठ माळ्यावरचं गव्हाणी घुबड दिसेनासं झालं. पांढऱ्या, बदामी तोंडाचं ते घुबड लोकांना अशुभ वाटतं, पण पिल्लं असताना घुबडांची जोडी रात्रीत कितीतरी उंदीर उचलते. ते कशाने गेलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. त्याच्या मागून उंदीर दुपटीने आले हे मात्र सगळ्या आळीने पाहिलं, आणि त्यांच्यामागून धामण. विष एकाच्या पोटात थांबत नाही. गिधाडांचं काय झालं ते आठवा: गुरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफेनॅक, ती गुरं मेली, गिधाडांनी खाल्ली आणि आकाशच रिकामं झालं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि आज आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याकडे चिरगावला उरलीसुरली गिधाडं जपायला माणसं राबतात.

आमचा उपाय जुनाच आहे. तांदूळ, पोहे, कुत्र्याचं खाणं, सगळं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. मोरीच्या तोंडाला जाळी. लोखंडी पिंजरा, त्यात सुकटीचं डोकं. खंड्याची थाळी रात्री बाहेर राहत नाही. तो खाऊन उठला की उरलेलं उचलायचं. आणि धामण दिसली तर तिच्या वाटेला जायचं नाही, पगार न घेता ती कामाला आहे.

मांजराचं ओरबाडणं लोक मनावर घेत नाहीत. आमच्या मनीची पिल्लं होती तेव्हा एक बाहेरचा बोका यायचा. भाचा पिल्लू वाचवायला मधे पडला आणि बोक्याने मनगटावर बोचकारलं, रक्त आलं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, ‘‘मांजरच ते, चुना लाव.’’ रेबीज कुत्र्यापुरता नसतो. मांजर, वानर, मुंगूस, कोल्हा, कुणाच्याही लाळेतून तो येऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की वाचण्याची आशा जवळपास नसते. पण लक्षणांच्या आधी उपाय शंभर टक्क्यांच्या जवळपास लागू पडतो, म्हणून तर चीड येते. जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी असतात. भाचा पाचव्या मिनिटाला ‘‘झालं का?’’ म्हणत होता. चुना, तिखट, हळद, तेल काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात लस: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर 14 व्या दिवशीही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत टोचायचं वेगळं इंजेक्शन पहिल्याच दिवशी लागतं, ते मागून घ्या. आमच्या पिढीच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं बसली आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, केव्हाच बंद झाली. आता दंडातली साधी सुई. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा म्हणतात ते खरं, पण त्या दहा दिवसांत आपली लस चालू असली पाहिजे. कुत्र्याचं काय होतं ते बघून मग ठरवू, असं नाही. आणि तिसऱ्या सुईनंतर ‘‘आता काही होत नाही’’ म्हणून जे उरलेली सोडून देतात, त्यांना काय म्हणावं?

वानरांशी आमचं वैर चैत्र-वैशाखातलं. पेण पापडांचं गाव, गच्च्यांवर चादरी पसरलेल्या, आणि काळतोंड्यांची टोळी पाण्याच्या टाकीवर बसून वाट बघणार. पापड जातात तर जाऊ द्या. बाईमाणूस काठी घेऊन एकटी अंगावर जाते तिथे चावा बसतो, बहुतेकदा पिल्लंवाल्या मादीचा. नजरेला नजर देऊ नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्यात दात दाखवणं म्हणजे दम. वर जाळी ताणा, नाहीतर राखणीला दोघी बसा. सगळ्यात मोठा दोष बिस्किटं टाकणाऱ्यांचा. शनिवारी मारुतीच्या नावाने केळी खाऊ घालणारे पुण्य घेऊन घरी जातात, रविवारी ती वानरं आमच्या स्वयंपाकघरात हात घालतात.

पाळलेल्यांच्या बाबतीतल्या काही बारीकसारीक गोष्टी सांगून टाकते. पहिल्या पावसात भेक बाहेर पडतात; कुत्र्याने तोंडात धरला की त्याच्या कातडीच्या चिकाने तोंडाला फेस येतो. लोकांना वाटतं पिसाळला. पाण्याच्या बारीक धारेने, डोकं खाली धरून तोंड धुवा. तरी थरथर, लटपट असेल तर डॉक्टर. मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी तुकडा करूनही देऊ नका; एक गोळी मांजर मारायला पुरते. कुत्र्याला मनुका आणि द्राक्षं नकोत. गोचीड चिमट्याने कातडीशी धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये, रॉकेल नको. आणि एक आपल्या स्वतःसाठी: भोगावती नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा त्यात उंदरांचं मूत असतं. पायाला भेग असताना अनवाणी चाललात आणि पुढे ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’’ हे स्वतःहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका वेळेत आली तर साध्या गोळ्यांवर भागतं. कुत्र्यालाही त्याची लस असते.

पिंजऱ्यातला पोपट हा आमच्याकडे कुणाला गुन्हा वाटत नाही, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपला राघू पाळायला बंदी आहे, आणि घोरपडीला हात लावणं तर त्याहून गंभीर. घोरपड परसात आली तर कुत्रा आत घ्या, ती जाईल. रात्री कुत्रा बाहेर बांधून ठेवण्याबद्दल: डोंगराच्या कडेला घर असेल तर नको. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांचा आहार तपासला, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. खंड्या आता पडवीत, जाळीच्या दाराआड झोपतो.

वाचणाऱ्यांनी या आठवड्यात दोन कामं करावीत एवढीच विनंती. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा: सापाचं आणि रेबीजचं इंजेक्शन इथे आहे का, रात्री कोण असतं, नसेल तर जवळचं कुठे मिळेल. उत्तर, 108 आणि 1926 हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. आणि घरातल्या मांजरीला रेबीजची लस दिली नसेल, तर कुत्र्याला नेता त्याच दिवशी तिलाही टोपलीत घालून न्या.